'थीफ' आजही का खेळला जातो, आणि आज खेळायचा तर नेमका कसा?

दिवेलागण (धागाकर्ता)

चोर बनून लपतछपत खेळायचे 'थीफ गोल्ड' (पहिल्या 'थीफ'ची वाढीव आवृत्ती) आणि 'थीफ २: द मेटल एज' दोन्ही घेतले आहेत. 'स्प्लिंटर सेल' आणि 'डिसऑनर्ड' पूर्ण झालेत, म्हणजे लपतछपत खेळायच्या गेमची सवय आहे. तरी लॉर्ड बॅफर्डच्या हवेलीत, पहिल्याच खऱ्या मोहिमेत, गाडी अडली आहे. अंधारात उभं असतानाही पहारेकरी वळून बघतो. संगमरवरी फरशीवर चार पावलं टाकली की अख्खी हवेली जागी होते. नकाशा म्हणजे हाताने काढलेलं कच्चं चित्र, त्यावर ना बाण ना खूण.

गेम १९९८ चा. चेहरे चौकोनी, हात लाकडी. तरीही त्याच्यासाठी लोक अजून नव्या मोहिमा बनवतात. हे फक्त जुन्या आठवणींचं प्रेम असेल असं वाटत नाही. त्यात असं काय आहे जे पुढच्या गेमांत आलं नाही, आणि ते कळायला खेळायची कोणती सवय बदलावी लागते? इन्स्टॉल करताना काय काळजी घ्यायची तेही सांगा. "खेळत राहा, जमेल" यापेक्षा नेमकं काही हवं आहे.

---

कानोसा

तुम्ही हा गेम डोळ्यांनी खेळताय. तो कानांनी खेळायचा आहे. अडचणीचं मूळ तिथेच आहे आणि गेमच्या टिकण्याचं कारणही तेच.

'थीफ' लुकिंग ग्लास स्टुडिओजने बनवला, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये. त्याच वर्षी 'तेंचू' आणि 'मेटल गिअर सॉलिड' आले. त्या दोन्हींत कॅमेरा पात्राच्या बाहेर असतो, त्यामुळे कोपऱ्यापलीकडचा पहारेकरी खेळणाऱ्याला आधीच दिसतो. 'थीफ'मध्ये कॅमेरा गॅरेटच्या, म्हणजे तुम्ही जो चोर आहात त्याच्या, डोळ्यांत आहे. भिंतीपलीकडचं काही दिसणार नाही, म्हणजे ते कळण्याची दुसरी वाट द्यायलाच हवी होती. ती वाट आवाजाची. म्हणून आवाजावर जेवढी मेहनत इथे घेतली गेली तेवढी चित्रावर नाही.

या गेममध्ये आवाज भिंतीतून आरपार जात नाही. प्रत्येक मोहिमेच्या आत खोल्यांचा एक अदृश्य आराखडा असतो: कुठली खोली कुठल्या दाराने, बोळाने किंवा खिडकीने कशाला जोडली आहे. आवाज त्या वाटेने प्रवास करतो, वळसे घेतो, वाटेत कमी होतो. बंद दार त्याला आणखी दाबतं. म्हणून पलीकडच्या दालनातल्या पहारेकऱ्याची पावलं तुम्हाला भिंतीतून नाही, उघड्या दाराच्या दिशेने ऐकू येतात, आणि तुमची पावलं त्याला त्याच वाटेने पोचतात. वाट एकच, नियम एकच. तुम्हाला त्याची चाहूल लागते तशी त्याला तुमची. गेमचा सगळा प्रामाणिकपणा यात आहे, आणि मला तरी तो इतक्या चोखपणे दुसरीकडे सापडत नाही.

यातून करायच्या गोष्टी अशा. खोलीत शिरल्यावर दार मागे लावून घ्या. त्याचा खरोखर उपयोग होतो. दाराला टेकून पुढे झुकण्याची की वापरा, पलीकडचं ऐकू येतं. नवीन जागी आल्यावर दहा-पंधरा सेकंद स्वस्थ उभे राहा. किती जणांची पावलं आहेत, कोणत्या फरशीवर पडताहेत, जवळ येताहेत की लांब जाताहेत, हे सगळं हलायच्या आधी कळतं. पहारेकरी खोकतात, शिट्टी वाजवतात, स्वतःशी पुटपुटतात. ती सजावट नाही. त्या माणसाचा ठावठिकाणा त्यातून कळतो.

त्यांची वाक्यंही नीट ऐका. संशय आला की "काय होतं ते?" अशा धाटणीचं काही बोलतात, शोध सोडला की "उंदीर असेल" अशा सुराचं. आतला संशय कोणत्या पायरीवर आहे ते तुम्हाला कळावं म्हणूनच ती वाक्यं लिहिली आहेत. डोक्यावर प्रश्नचिन्ह दाखवण्याऐवजी माणसाच्या तोंडून काढलेली खूण, एवढंच.

आवाजाचं काम एरिक ब्रोशियसचं. तो आणि प्रकल्पाचा प्रमुख ग्रेग लोपिकोलो, दोघेही पूर्वी बोस्टनच्या 'ट्राइब' या रॉक बँडमध्ये होते. पार्श्वभूमीला ठरावीक चालीचं संगीत जवळजवळ नाहीच. घरघर, गुणगुण, लांबून येणारी धातूची कुरकुर, असे पुन्हा पुन्हा येणारे थर आहेत, आणि भाग बदलला की थर बदलतो. काही तास खेळल्यावर नुसत्या त्या घरघरीवरून आपण हवेलीच्या कुठल्या अंगाला आहोत ते कळायला लागतं. नकाशा कच्चा असूनही माणूस हरवत नाही, त्याचं हे अर्धं कारण.

---

तेलवात

कानोसा यांच्याशी सहमत. "अंधारात उभं असतानाही बघतो" याचं उत्तर देतो, कारण तिथे बहुतेकांची समजूत चुकते.

पडद्याच्या तळाशी मधोमध जो मणी आहे तो तुम्ही किती दिसताय ते सांगतो, नुसता उजेड नाही. दिसण्यात तीन गोष्टी धरल्या जातात: अंगावर आणि विशेषतः पायाजवळच्या जमिनीवर पडलेला प्रकाश, तुमची हालचाल, आणि तुमचं शरीर किती उघडं आहे. त्यामुळे त्याच काळोख्या कोपऱ्यात धावलात तर मणी उजळतो. बसलात तर मंदावतो. तलवार उपसली तर पुन्हा उजळतो, म्हणून तलवार म्यानातच ठेवायची. दंडुका हातात असला तर हा दंड नाही.

मॉनिटरचा गॅमा (पडद्याचा उजळपणा) वाढवला तर तुम्हाला जास्त दिसेल, मण्यावर काही परिणाम होत नाही. पहारेकरी गेमच्या आतला प्रकाश बघतो, तुमचा पडदा नाही. गॅमा इतपतच ठेवा की मणी पूर्ण काळा असताना जमिनीचा पोत जेमतेम कळेल. फार वाढवलात तर सावली आणि उजेड यांच्यातली सीमारेषा धुऊन जाते, आणि मग उजेडात उभं असल्याचं तुमच्याच लक्षात येत नाही.

पहारेकऱ्याची नजर एका सुळक्यासारखी नाही, अनेक सुळक्यांची बनलेली आहे. समोरचा अरुंद आणि लांब, कडेचा रुंद पण मंद, आणि पाठीशीही एक लहानसा आहे, त्यामुळे अगदी चिकटून चालत राहिलात तर त्याला जाणवतं. प्रत्येक सुळक्याची तीव्रता वेगळी. एकत्र करून संशयाच्या पायऱ्या ठरतात: काहीच नाही, किंचित, बऱ्यापैकी, खात्री. महत्त्वाचं म्हणजे पायरी चढायला वेळ लागतो. क्षणभर उजेडातून गेलात तर तो लगेच ओरडत नाही. किंचित थबकतो, वळतो. त्या क्षणी दचकून धावणं ही नवख्याची चूक, कारण धावण्याने हालचाल आणि आवाज दोन्ही वाढतात आणि संशयाची खात्री होते. तो वळला की सावलीत थिजून उभं राहायचं. मणी काळा असेल तर तो हातभर अंतरावरून निघून जातो. इतकी वर्षं लोक या गेममध्ये परत येतात ते या क्षणासाठी, असं माझं ठाम मत आहे.

ही संवेदनांची रचना कशी केली यावर मुख्य प्रोग्रॅमर टॉम लेनर्ड याने पुढे सविस्तर लिहिलं. त्यातला कळीचा मुद्दा असा की हुशार शत्रू बनवणं हा हेतू नव्हता. खेळणाऱ्याला अंदाज बांधता येईल असा शत्रू हवा होता. जमिनीवरच्या प्रकाशाला जास्त वजन दिलं तेही म्हणूनच. स्वतःचं अंग तुम्हाला दिसत नाही, पण पुढची फरशी उजेडात आहे की नाही ते दिसतं.

---

दिवेलागण

तलवार हातात घेऊनच फिरत होतो, तो उलगडा झाला. संगमरवराचं मात्र अजून कळलं नाही. वरच्या मजल्यावर लांब दालन, चकचकीत फरशी, मधे गालिच्याचा तुकडा, आणि दोघे पहारेकरी उलटसुलट फेऱ्या मारताहेत. पावलांचा आवाज दाबणारे शेवाळाचे बाण मोजकेच आहेत. नेमकं काय करायचं?

---

मखमलीपाऊल

आधी फरशांचा क्रम डोक्यात ठेवा. गालिचा, गवत आणि माती जवळजवळ मूक. लाकूड मध्यम. दगड त्याहून जास्त. चकचकीत फरशी आणि धातूची जाळी सर्वात वाईट. प्रत्येक पोताला (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राला) गेमने एक पदार्थ नेमून दिला आहे आणि पावलाचा आवाज त्यावरून ठरतो, म्हणून दिसतं तेच खरं मानायचं.

वेगही तितकाच महत्त्वाचा. धावण्याची आणि चालण्याची की वेगळ्या आहेत. नव्या गेमांच्या सवयीने बोट धावण्यावर जातं, आणि "चार पावलांत हवेली जागी" याचं कारण बहुधा तेच. की-बांधणीच्या पानावर जाऊन चालण्याची की मुख्य बोटाखाली घ्या आणि धावण्याची बाजूला टाका. खाली बसून चालण्याच्या कीने सरकलात तर चकचकीत फरशीवरही थोड्या अंतरावरच्या माणसाला चाहूल लागत नाही. उडी मारून उतरणं मात्र चालण्यापेक्षा कितीतरी मोठं वाजतं. गालिच्यावरून गालिच्यावर उडी ही कल्पना छान वाटते, पण अंदाज चुकून फरशीवर पडलात तर सगळं मुसळ केरात.

आता तुमचं दालन. पहिल्या दोन फेऱ्यांचा वेळ नुसता बघण्यात घालवा. दोघांच्या फेऱ्या सारख्या लांबीच्या क्वचितच असतात, म्हणून दोघेही पाठमोरे असण्याचा क्षण दर फेरीला सरकतो; तो कधी येतो ते शोधा. दालनात मशाल असेल तर पाण्याचा बाण मारा. धनुष्य पूर्ण ताणून नेम जरा वर धरा, कारण बाण वाटेत खाली येतो. फार वेळ ताणून धरू नका, हात सैल पडतो. विजेचा दिवा पाण्याने विझत नाही. तिथे भिंतीवर बटण शोधायचं, नसेल तर वाट बदलायची.

शेवाळाचा बाण फरशीवर आदळला की आजूबाजूला हिरवे ठिपके उमटतात. सगळी वाट झाकायचा प्रयत्न करू नका. जिथे तुम्ही पहारेकऱ्याच्या सगळ्यात जवळ येणार, त्या चार-पाच पावलांवरच तो खर्च करा. शेवाळ पसरतं तेव्हा ठिपक्यांमध्ये फटी राहतात, म्हणून पाय ठेवताना खाली बघा.

दंडुक्याने एकाला बेशुद्ध करायचं असेल तर त्याला तुमची खात्री पटलेली नसावी; सावध झालेल्या माणसावर तो चालत नाही. कळ दाबून हात उगारा, डोक्याच्या उंचीवर नेम, सोडा. लगेच शरीर उचलून अंधारात न्या. पहिल्या दोन गेममध्ये बेशुद्ध माणूस परत उठत नाही, पण दुसऱ्याला तो दिसला तर हाकाटी होते. तलवार किंवा बाणाने मारलंत तर रक्ताचा डाग उरतो. तो पाण्याच्या बाणाने धुता येतो, अर्थात 'एक्स्पर्ट' या सर्वात कठीण पातळीवर खेळत असाल तर माणूस मारायचीच मुभा बहुतेक मोहिमांत नाही.

आणि बॅफर्डच्या हवेलीत समोरच्या फाटकातून जाऊ नका. बाजूला विहिरीची खोली आहे, तिथला पहारेकरी झिंगलेला आणि किल्ली त्याच्या कमरेला. पाण्यात उतरून तळघरात निघता येतं. जाण्याआधी फाटकाजवळचे दोघे अस्वलांच्या झुंजीबद्दल काय बोलतात ते सावलीत उभं राहून ऐका. कथेशी त्याचा काही संबंध नाही, पण तुम्ही नसतानाही या शहरात माणसं राहतात हे त्या दोन मिनिटांत पटतं.

---

मिस्त्री

इन्स्टॉलबद्दल.

मूळ प्रोग्रॅम एका कोअरच्या प्रोसेसरच्या काळातला आहे. बहुकोअर मशीनवर तो तसाच चालवला तर अडकतो, बंद पडतो, मोठ्या पडद्यावर चित्र नीट बसत नाही. २०१२ मध्ये एका अनामिक कार्यकर्त्याने 'न्यूडार्क' नावाचा अनधिकृत पॅच आणला आणि तेव्हापासून हे सगळं सुटलं. तो हाताने बसवायची गरज नाही. 'थीफ गोल्ड'साठी 'टीफिक्स' आणि दुसऱ्यासाठी 'टी२फिक्स' हे तयार इन्स्टॉलर आहेत, त्यांत न्यूडार्क येतो.

गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवू नका. विंडोज तिथे लिहू देत नाही आणि मग सेव्ह गायब होणं, सेटिंग लक्षात न राहणं असे प्रकार होतात. सी ड्राइव्हवर 'गेम्स' असा साधा फोल्डर करून त्यात ठेवा. गेम नुकताच बसवलेला, काहीही न बदललेला असावा. मग फिक्सच्या इन्स्टॉलरला तोच फोल्डर दाखवा. जुन्या आवृत्तीतले सेव्ह पॅचनंतर चालतील यावर विसंबू नका. सुरुवातीलाच आहात, नव्याने सुरू करा.

इन्स्टॉलर चांगल्या पोतांचे, नव्या वस्तूंचे पर्याय देतो. पहिल्यांदा खेळताना ते बंद ठेवावेत असं सुचवेन. मूळ पोत ढोबळ आहेत, पण कुठे धातू, कुठे दगड, कुठे गालिचा हे त्यांत एका नजरेत कळतं. जास्त बारकाव्याच्या पोतात ते कधीकधी शोधावं लागतं.

आवाजाच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन आणि ईएएक्स (जागेप्रमाणे घुमणारा आवाज) सुरू करा; न्यूडार्क हे काम ओपनएएल या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधून करतो. हेडफोन हवाच. ओपनएएल सॉफ्टच्या (ओपनएएलची एक आवृत्ती) सेटिंगमध्ये एचआरटीएफ, म्हणजे हेडफोनवर आवाजाची दिशा कळवणारी प्रक्रिया, सुरू केलंत तर वरच्या मजल्यावरची आणि खालची पावलं वेगळी कळतात. ते सुरू असेल तर विंडोजचं स्पेशियल साउंड किंवा हेडसेटसोबत आलेलं 'सराउंड' बंद करा. एकावर एक दोन प्रक्रिया झाल्या की दिशा पुसली जाते, आणि लोक म्हणतात की या गेमचा आवाज ओव्हररेटेड आहे.

व्हीसिंक (चित्राचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) सुरू ठेवा. फ्रेमचा वेग बेसुमार वाढला की जुन्या इंजिनाचं फिजिक्स गडबडतं. ग्राफिक्स कार्डाची चिंता नको, साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो.

---

शेवाळबाण

मोहिमा बनवणाऱ्याच्या बाजूने थोडं. "त्यात असं काय आहे" याचं उत्तर एडिटर उघडला की दिसतं.

गेमचा अधिकृत एडिटर 'ड्रोमएड' लोकांना मिळाला, आणि त्यावर बनलेल्या मोहिमांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. ड्रोमएडमध्ये जग सुरुवातीला घन असतं, अखंड खडकासारखं. तुम्ही त्यात हवेचे ठोकळे टाकून पोकळी कोरता, मग त्यात घन ठोकळे ठेवून भिंती, खांब, जिने. वेरूळचं कैलास लेणं जसं वरून खाली कोरत आणलं, काहीसा तसाच विचार करावा लागतो. ठोकळ्यांचा क्रमही मोजला जातो, नंतरचा आधीच्याला खातो.

पोकळी झाली की प्रत्येक जागेवर 'रूम ब्रश' घालावा लागतो. कानोसा यांनी सांगितलेला खोल्यांचा अदृश्य आराखडा तो हाच. एखादी जागा त्यातून सुटली तर तिथे आवाज पोचत नाही, पहारेकरी बहिरा होतो. एका रूम ब्रशचं केंद्र दुसऱ्याच्या आत पडलं तर गोंधळ होतो. नवशिक्याच्या मोहिमेत "पहारेकऱ्याला काही ऐकूच येत नाही" ही तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा कारण इथे सापडतं. आणि वाटांचा डेटाबेस नव्याने मोजला नाही तर तो फेरी सोडून भिंतीशी उभा राहतो.

पण खरी करामत आहे क्रिया-प्रतिक्रियांच्या व्यवस्थेत. पाण्याचा बाण 'पाणी' हा संकेत सोडतो. मशालीला सांगून ठेवलेलं असतं की पाणी लागलं तर विझ, आग लागली तर पेट. रक्ताच्या डागाला सांगितलेलं असतं, पाणी लागलं तर नाहीसा हो. बाणाला मशाल माहीत नाही, मशालीला बाण माहीत नाही. त्यामुळे डिझायनरने कधी विचार न केलेल्या जोड्या आपोआप जुळतात. आगीच्या बाणाने विझलेली मशाल पुन्हा पेटवता येते, कारण ती तशी पेटू शकते, कोणी मुद्दाम लिहिलं म्हणून नाही.

दोरीच्या बाणाचंही तसंच. लाकडात रुततो, दगडात नाही, बस. लाकडी तुळई दिसली की वर जाता येतं, मग डिझायनरची इच्छा असो वा नसो. २०१४ साली याच नावाचा नवा गेम आला त्यात दोरीचा बाण ठरवून दिलेल्या जागीच लागतो आणि हवी तिथे उडी मारता येत नाही. चित्र कितीतरी सुंदर, पण जुन्या खेळणाऱ्यांचं मन तिथे का रमलं नाही ते या एका फरकात कळतं. जुन्या गेममध्ये छत बघितलं की "लाकूड आहे का?" हा प्रश्न आपोआप पडतो. नव्यात "इथे परवानगी आहे का?" असा पडतो.

---

उलटतपासणी

सगळं मान्य, पण नव्या माणसाला खोटी आशा लावू नका. पहिला गेम जवळपास अर्धा थडगी, भुतं आणि राक्षसांनी भरलेला आहे, आणि सावली-चाहूल यांचा जो सुंदर नियम वर सांगितला तो तिथे पातळ होतो. झॉम्बीला दंडुका लागत नाही. तलवारबाजी ओबडधोबड आहे. कठड्यावर चढताना गॅरेट कधी चढतो, कधी नुसता धडकतो. 'गोल्ड'मध्ये वाढवलेल्या तीन मोहिमांपैकी 'थीव्ज गिल्ड' तर भुयारांचा असा गुंता आहे की अनेकजण तिथेच गेम सोडतात.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या गेममधल्या 'असॅसिन्स' आणि 'द सोर्ड' या दोन मोहिमांपर्यंत धीर धरा. 'असॅसिन्स'मध्ये तुम्हालाच मारायला निघालेल्या दोघांचा रात्रीच्या रस्त्यांतून पाठलाग करायचा. फार जवळ गेलात तर त्यांना कळेल, फार मागे राहिलात तर ते हरवतील, आणि वळणापलीकडे गेले की फक्त त्यांच्या पावलांवर भिस्त. 'द सोर्ड'मध्ये एका विक्षिप्त उमरावाचा वाडा आहे, जिथे वर चढत गेलं की खोल्या तिरक्या, उलट्या, लहान-मोठ्या होत जातात आणि नकाशा साथ सोडतो. या दोन्हींत मन लागलं नाही तर गेम तुमच्यासाठी नाही.

'थीफ २' मार्च २००० मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्टुडिओ बंद झाला. त्यात भुतं जवळजवळ नाहीत. बँक, गोदाम, हवेल्या, आणि 'लाइफ ऑफ द पार्टी'मध्ये छपरांवरून छपरांवर जात अख्खा शहराचा भाग पालथा घालायचा. त्यातले पहारेकरी उघडं राहिलेलं दारही टिपतात, तेव्हा दारं लावायची सवय आधीच लावून घ्या.

---

कानोसा

उलटतपासणी यांच्याशी एका बाबतीत असहमत. 'रिटर्न टू द कॅथीड्रल' ही भुतांचीच मोहीम आहे आणि आवाजाच्या जोरावर उभी आहे. साखळ्यांचा खणखणाट आणि कुजबुज कोणत्या दालनातून येते ते ओळखत अंधारात थांबणं, यात नियम पातळ झालेला नाही. उलट चूक महाग झाल्यामुळे तो जास्त टोकदार होतो. 'थीव्ज गिल्ड'बद्दल मात्र दुमत नाही. भुयारात कंटाळलात तर ती मोहीम सोडून पुढे जा, कथेचं काही अडत नाही.

---

मखमलीपाऊल

कठीणपणाच्या पातळीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. इथे पातळी वाढवली की मुख्यतः उद्दिष्टं बदलतात: जास्त ऐवज, काही वेळा दुसरी एखादी वस्तू, आणि 'एक्स्पर्ट'वर हत्येला बंदी. म्हणजे तोच वाडा 'नॉर्मल'वर अर्धा बघून बाहेर पडता येतं आणि 'एक्स्पर्ट'वर कानाकोपरा शोधावा लागतो. 'हार्ड'ने सुरुवात करा.

मिळालेल्या ऐवजाचे पैसे फक्त पुढच्या मोहिमेच्या खरेदीत वापरता येतात, उरलेले वाया जातात. न वापरलेले बाणही पुढे येत नाहीत. साठवून ठेवण्याचा मोह नको. आणलेला पाण्याचा बाण त्याच रात्री खर्च करायचा.

आणि ज्यांना हे सगळं पाठ झालं ते 'घोस्ट' पद्धतीने खेळतात. कोणाला बेशुद्ध करायचं नाही, कोणाला शोध घ्यायला लावायचं नाही, काही मोडायचं नाही. त्याहून कडक 'सुप्रीम घोस्ट'मध्ये पहिला "कोण आहे?"सुद्धा चालत नाही आणि वापरलेली किल्ली जागेवर परत ठेवायची असते. एकाच मोहिमेवर लोक महिनोन् महिने चर्चा करतात ती यामुळे: अमुक किल्ली अमुक पहारेकऱ्याच्या कमरेला परत पोचवता येते का? नियम इतके पक्के आहेत की अशा प्रश्नाला खरं उत्तर असतं.

---

शेवाळबाण

दोन्ही गेम संपले की चाहत्यांच्या मोहिमांकडे या. अशा मोहिमा चालवून देणारा 'एंजललोडर' हा प्रोग्रॅम घ्या, डाउनलोड केलेली झिप तशीच त्याच्या फोल्डरमध्ये टाका, स्कॅन करा, नावावर डबल-क्लिक. झिप उघडून गेमच्या फोल्डरमध्ये ओतू नका. मूळ मोहिमांच्या फाइलींवर त्या बसतात आणि मग मूळ गेमच बिघडतो.

सुरुवात 'द ब्लॅक परेड'पासून करा. २०२३ च्या अखेरीस, गेमला २५ वर्षं होताना आली. 'थीफ गोल्ड'वर चालते, दहा मोहिमांची स्वतंत्र कथा आहे. न्यूडार्क ताजा हवा. त्याआधीचा मोठा प्रयत्न म्हणजे 'थीफ २'वरचा 'टी२एक्स', २००५ चा. आणि ज्यांना जुनं इंजिन अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी 'द डार्क मॉड' आहे: आधी 'डूम ३' या गेमचा मॉड (चाहत्यांनी बदललेलं रूप) म्हणून आला, २०१३ पासून स्वतंत्र आणि मोफत. तिथले काही पहारेकरी शिरस्त्राण घालतात आणि दंडुका त्यांच्यावर चालत नाही, शिवाय विझवलेला दिवा कोणीतरी येऊन पुन्हा लावतं. 'थीफ'च्या सवयीने गेलात तर पहिल्या अर्ध्या तासात पकडले जाल.

---

दिवेलागण

विहिरीच्या वाटेने आत गेलो, चालण्याची की बदलली, हेडफोन लावला. दालन एकही शेवाळबाण न वापरता पार झालं आणि चोरायचा होता तो राजदंड हाती आला. पुढे क्रॅग्जक्लेफ्टचा तुरुंग आणि मग 'बोनहोर्ड' आहे असं दिसतं. झॉम्बींचं काय करायचं ते आताच विचारून ठेवतो.

---

तेलवात

शक्यतो काहीच करू नका. ते हळू चालतात, धावून सहज मागे टाकता येतात. तलवारीने पाडलेत तर काही वेळाने उठतात, म्हणून त्यात वेळ घालवू नका. जमिनीवर पडलेलं प्रेत दिसलं की ते प्रेतच आहे असं गृहीत धरू नका. माश्यांची घोंघों ऐकू आली तर लांबून वळसा घ्या आणि तिथे धावू नका.

संपवायचेच असतील तर आगीचा बाण, नाहीतर पवित्र पाणी. पवित्र पाण्याची कुपी वापरली की तुमच्याकडचे पाण्याचे बाण थोडा वेळ पवित्र होतात, आणि तो वेळ संपला की पुन्हा साधे. इथेच सगळे चुकतात: कुपी आधी वापरतात आणि मग झॉम्बी शोधत फिरतात. आधी झॉम्बी समोर घ्या, दोन-तीन जण एकाच बोळात आले तर उत्तम, धनुष्य हातात घ्या, पाण्याचा बाण निवडून ठेवा, आणि मग कुपी.